चार आण्यांची जागा : मुंबईच्या नाट्यगृहांचा व चित्रगृहांचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. नाटकाच्या थिएटराला आणि सिनेमाच्या टॉकीजलाही इतिहास असतो, आणि तो परीक्षेला नेमलेला नसला तरी अभ्यासण्याजोगा असतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. इतिहास आणि मराठी वाङ्मय हे माझे आवडीचे विषय. या दोहोंची गाठ जेथे पडते अशी एखादी जागा शोधावी, या हेतूने मी वाचन सुरू केले आणि मुंबईच्या नाट्यगृहांपाशी येऊन थांबलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपण राहतो सातपुड्याच्या पायथ्याशी. नांदुऱ्याला जाऊन गाडी पकडली तरी मुंबई रात्रभराच्या वाटेवर. मग एवढ्या दूरच्या शहरातील थिएटरांची चौकशी आपण का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आपल्या गावापर्यंत जो सिनेमा पोहोचला त्याची वाट मुंबईहूनच निघाली. शिवाय थिएटर का बांधले जाते, कोणासाठी बांधले जाते आणि कशाने बंद पडते, हे मुंबईत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

वाचताना मी एकच प्रश्न मनाशी धरला होता : या इमारतीत कोण, कोठे आणि किती पैसे मोजून बसले? नाटक कोणते झाले, नट कोण होते हे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. परंतु थिएटराची खरी गोष्ट मला तिकिटाच्या दरात दिसली. म्हणून लेखाला 'चार आण्यांची जागा' हे नाव दिले.

हिरवळीवरून ग्रँट रोडला

मुंबईतील पहिले नाट्यगृह १७७६ साली उभे राहिले. आज ज्याला हॉर्निमन सर्कल म्हणतात तेथे त्या काळी मोकळी हिरवळ होती. त्या हिरवळीवर लोकवर्गणीतून 'बॉम्बे थिएटर' बांधले गेले. 'लोक' म्हणजे अर्थातच कंपनी सरकारचे गोरे अधिकारी आणि व्यापारी. हौशी इंग्रजांनी इंग्रजी नाटके करावीत आणि इंग्रजांनीच ती पाहावीत, असा तो सगळा मामला होता. तिकीट घेणारी माणसे थोडी आणि खर्च मोठा. कर्जाचा बोजा वाढत गेला व अखेर १८३५ मध्ये थिएटरचा लिलाव झाला. ते विकत घेतले जमशेटजी जीजीभाई या पारशी व्यापाऱ्याने. गोऱ्यांचे नाट्यगृह एका हिंदी माणसाच्या हाती गेले, ही गोष्ट पुढच्या घडामोडींची नांदीच म्हणावी लागेल.

नाट्यगृह गेले तरी नाटकाची हौस गेली नव्हती. नवे थिएटर हवे अशी मागणी झाली आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी ग्रँट रोडवरची आपली जागा त्यासाठी दिली. १० फेब्रुवारी १८४६ रोजी 'ग्रँट रोड थिएटर' सुरू झाले. येथे एक गमतीची गोष्ट घडली. ग्रँट रोड हा त्या वेळी कोटाबाहेरचा, गावकुसाबाहेरचा भाग. रस्ते चिखलाचे. कोटात राहणारे साहेब रात्रीच्या वेळी इतक्या लांब येईनात. पण गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी येथील देशी वस्तीला मात्र ही जागा जवळची होती. प्रेक्षक बदलला आणि त्याच्यामागोमाग नाटकही बदलले.

सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केले, हे आपण सर्वजण शाळेपासून वाचतो. त्याच भाव्यांची मंडळी १८५३ मध्ये मुंबईस आली आणि ग्रँट रोड थिएटरात तिने तिकीट लावून मराठी खेळ केले. ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. सांगलीचे नाटक राजाश्रयाचे होते. राजेसाहेब पाहणार आणि त्यांच्या कृपेने इतर पाहणार. तिकीट आले आणि पैसे देणारा प्रत्येक जण नाटकाचा धनी झाला. त्याची जात, त्याचा हुद्दा तिकीटविक्याला विचारायचे कारण उरले नाही. अर्थात दर वेगळे, जागा वेगळ्या. समता काही एका रात्रीत अवतरली नाही. तरी एका छपराखाली, एकाच वेळी, एकच गोष्ट पाहत नाना थरांतील माणसे बसू लागली, ही त्या काळातील नवलाईच होती. त्याच वर्षी पारशी मंडळींनीही तेथे आपला खेळ केला. पुढे त्या परिसरात एकामागून एक थिएटरे उभी राहिली आणि 'प्ले हाऊस' या इंग्रजी शब्दाचे लोकांच्या तोंडी 'पिला हाऊस' झाले. ते नाव आजही त्या भागाला चिकटून आहे. इमारती पडतात, पण लोकांनी ठेवलेले नाव सहजासहजी पडत नाही.

पडद्यावरची आगगाडी

७ जुलै १८९६ या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. पॅरिसमध्ये त्यांचा पहिला जाहीर खेळ २८ डिसेंबर १८९५ ला झाला होता. म्हणजे अवघ्या सहा-सात महिन्यांत हा शोध आपल्या किनाऱ्याला लागला. सहा छोटी चित्रे होती. त्यांत स्टेशनात शिरणारी आगगाडी होती, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार होते. तिकीट एक रुपया. त्या वेळचा रुपया म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची रक्कम.

परंतु १४ जुलैपासून हे खेळ 'नॉव्हेल्टी थिएटर'मध्ये होऊ लागले आणि तेथे व्यवस्थापकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी तिकिटाचे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवले. पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे कक्षही राखले. म्हणजे रुपयावाल्यांची मौज आठवडाभरातच चार आणेवाल्यांपर्यंत पोहोचली. हिंदुस्थानात सिनेमा फोफावला याची कारणे सांगताना आपण दिग्दर्शकांची आणि नटांची नावे घेतो. माझ्या मते त्या यादीत हे चार आणेही घातले पाहिजेत.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांचा फोटोग्राफीचा व्यवसाय होता. या चित्रांनी ते भारले गेले. त्यांनी कॅमेरा मागवला व १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती चित्रित केली. रँग्लर परांजपे १९०१ मध्ये विलायतेहून परतले तो प्रसंगही त्यांनी टिपला. या काळात सिनेमाला स्वतःचे घर नव्हते. नाटकाच्या थिएटरात उसनी जागा मिळे, नाहीतर मैदानावर तंबू ठोकला जाई. आपल्याकडच्या जत्रेतील तंबूची वंशावळ थेट या मैदानी तंबूंपर्यंत जाऊन भिडते.

गिरगावात १९११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांची चित्रे पडद्यावर का येऊ नयेत, या ध्यासाने त्यांना पछाडले. त्यातून 'राजा हरिश्चंद्र' निर्माण झाला. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी त्याचा खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या 'कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ'मध्ये तो जनतेसाठी लागला. त्या कार्यक्रमात चित्रपटाच्या जोडीला नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी कसरत करणारा कलावंत असा मालमसाला होता. नुसता चित्रपट पाहण्यासाठी लोक पैसे देतील याची मालकालाही खात्री नसावी! सुरतेची आठवण अशी सांगतात की, तेथील लोकांना दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय होती. दीड तासाच्या खेळाला तीन आणे कशाला द्यायचे, असे त्यांना वाटे. तेव्हा फाळक्यांनी जाहिरातच अशी केली की, सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सगळे फक्त तीन आण्यांत! गिऱ्हाइकाची भाषा ओळखणारा हा कलावंत होता.

येथे थोडे तंत्राविषयी सांगणे अवश्य आहे. त्या वेळची फिल्म नायट्रेटची असे आणि ती भडकन पेट घेई. दिव्यासाठी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटती ठेवावी लागे. म्हणजे आगीशेजारी दारू ठेवण्यातलाच प्रकार. म्हणूनच यंत्राची खोली प्रेक्षागृहापासून जाड भिंतीने वेगळी केली गेली आणि प्रकाशासाठी तेवढे छोटे झरोके ठेवले गेले. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रगृहांना परवाना घेणे सक्तीचे केले. चित्रगृहाची इमारत नाट्यगृहाहून वेगळी दिसू लागली त्यामागे सौंदर्यदृष्टीबरोबर ही आगीची भीतीही होती. बोलपटाच्या काळात हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटे चाले. दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवून एकावरचे रीळ संपता संपता दुसरे सुरू करायचे, हे ऑपरेटरचे कसब. कित्येकदा एकच प्रत दोन थिएटरांत चाले आणि इकडचे रीळ संपले की ते सायकलवर घालून तिकडे पिटाळले जाई. सायकलवाला वाटेत अडकला की तिकडे अंधारात शिट्ट्या सुरू!

बोलक्या पडद्यापुढे मुकी झालेली रंगभूमी

मूकपटांच्या काळात नाटकाला फारसा धक्का बसला नव्हता. उलट संगीत नाटकाचा तो वैभवाचा काळ. ८ जुलै १९२१ रोजी ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच रंगमंचावर उभे राहिले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव वारले. म्हणून त्या रात्रीला मराठी मनात एक वेगळीच हळहळ चिकटलेली आहे.

पडदा बोलू लागला आणि चित्र पालटले. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणींचा 'आलमआरा' लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांची तिकिटे चार-पाच रुपयांना विकली गेली असे सांगतात. गाणे, संवाद, देखावे ही नाटकाची सारी पुंजी आता पडद्याकडे होती. शिवाय प्रत्येक गावी तोच नट, तोच आवाज, आणि दर कमी. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. नाटक कंपनीला बिऱ्हाड, स्वयंपाकी, वाद्ये, पडदे घेऊन गावोगाव फिरावे लागे. फिल्मचा डबा एक हमाल उचलून नेई. ही लढाई बरोबरीची नव्हतीच. खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आले. थिएटरमालकांनीही वारा ओळखला होता. बोरीबंदरासमोरचे जुने 'गेटी' हे नाटकाचे थिएटर बोलपट येण्याआधीच 'कॅपिटॉल' सिनेमा झाले होते. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेल्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्येही पुढे पडदा लागला.

तरी रंगभूमी मेली नाही. १ जुलै १९३३ ला रिपन थिएटरात 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले. छोटे, नव्या धाटणीचे, स्त्री-भूमिका स्त्रियांनी केलेले हे नाटक. सिनेमाशी देखाव्यात टक्कर देता येत नाही. तेव्हा नाटकाने आपले बळ दुसरीकडे शोधावे, हा धडा तेथून सुरू झाला.

गारव्यातली खुर्ची आणि गिरणगावातले बाकडे

१९३० नंतर मुंबईच्या दक्षिण भागात नव्या थाटाची चित्रगृहे उभी राहिली. कुलाब्याजवळचे 'रीगल' १९३३ चे. वातानुकूलित हवा, वर जायला लिफ्ट आणि मोटारी ठेवायला तळघर! १९३८ मध्ये चर्चगेटसमोर 'इरॉस' आणि धोबीतलावाला 'मेट्रो' आले. मेट्रो तर अमेरिकेच्या एम.जी.एम. कंपनीनेच बांधले. या ठिकाणी मुख्यतः इंग्रजी चित्रपट लागत. हिंदी चित्रपटालाही असाच मान मिळावा म्हणून 'लिबर्टी' बांधले गेले. स्वातंत्र्याच्या काळातले म्हणून नावही तसेच. ते १९४९ मध्ये 'अंदाज' या चित्रपटाने उघडले. 'मराठा मंदिर' १९५८ चे. १९६० मध्ये 'मुगल-ए-आझम'चा पहिला खेळ तेथे झाला. १९७५ चा 'शोले' मिनर्व्हात पाच वर्षे मुक्काम ठोकून होता आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये मराठा मंदिरात लागलेला 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' तर हजार आठवडे ओलांडून गेला. एवढ्या काळात ज्यांनी तो पहिल्या आठवड्यात पाहिला त्यांची मुले कॉलेजात आली!

परंतु मुंबई म्हणजे केवळ कुलाबा-चर्चगेट नव्हे. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणारा कामगार करमणुकीसाठी कोठे जाई? नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये परळला 'दामोदर हॉल' उभा केला. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची नमने, दशावतार आणि कामगारांची स्वतःची नाटके तेथे झाली. दिवसभर साच्यावर उभा असलेला माणूस रात्री राजा होई, दुसऱ्या दिवशी पुन्हा भोंग्याबरोबर कामावर जाई. कामगार रंगभूमी हा मराठी नाटकाचा एक मोठा झरा आहे आणि तो या साध्या हॉलातून वाहिला. लालबागला गिरणीच्याच जमिनीवर असलेले 'भारतमाता' हे चित्रगृह मराठी चित्रपटांचे हक्काचे घर ठरले.

हे 'हक्काचे घर' असणे किती मोलाचे होते ते १९७१ मध्ये दिसून आले. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर चित्रगृहात जागा मिळेना. तेथे हिंदी चित्रपट लागणार होता. प्रकरण रस्त्यावर आले, शिवसेनेने आंदोलन केले आणि 'सोंगाड्या' लागला. चित्रपट चांगला असणे पुरेसे नसते. तो लागेल अशी भिंत कोणाच्या तरी मालकीची असते, आणि त्या मालकाचे गणित वेगळे असू शकते.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. प्रेक्षक विखुरला आणि ज्या जमिनीवर थिएटर होते ती थिएटरपेक्षा महाग झाली. या दोन ओळींत मुंबईतील पुष्कळ थिएटरांचे मृत्युपत्र लिहिलेले आहे. शंभरी गाठलेला दामोदर हॉलदेखील २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाला, तेव्हा रंगकर्मी त्याच्यासाठी रस्त्यावर उतरले.

शाळेच्या हॉलातील चळवळ

नाटकाने स्वातंत्र्योत्तर काळात आपली घरे पुन्हा बांधली. मुंबई मराठी साहित्य संघाचे गिरगावातील नाट्यगृह १९६४ चे, दादरचे शिवाजी मंदिर १९६५ चे. रात्रभर चालणारी नाटके आता शेवटच्या लोकलच्या वेळेत बसू लागली. पाच अंकांचे तीन झाले, तिनाचे दोन झाले. त्यात नाटककारांच्या कलेइतकाच रेल्वेच्या वेळापत्रकाचाही हात आहे असे मला वाटते.

मात्र प्रयोग करू पाहणाऱ्या तरुणांना मोठ्या थिएटराचे भाडे झेपत नव्हते. अशा वेळी 'आविष्कार' या संस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलात नाटके सुरू केली. ना मखमली पडदा, ना गारवा. खाली लोकलचा आणि बाजाराचा गलका. पण त्या हॉलाने मराठीला इतके काही दिले की 'छबिलदास चळवळ' हा शब्दच रूढ झाला. पुढे १९७८ मध्ये जुहूला 'पृथ्वी' थिएटर झाले, तेही सुमारे दोनशे खुर्च्यांचेच. आपल्यासारख्या गावातील विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मुंबईत असूनही ज्यांना थिएटर परवडत नव्हते त्यांनी शाळेचा हॉल घेतला. शाळेचा हॉल आपल्याकडेही आहे.

आपल्याकडची वाट

आता थोडे आपल्या मुलखाकडे वळू. चित्रपट-व्यवसायाने देशाचे जे विभाग पाडले आहेत त्यांत आपण 'मुंबई' विभागात येत नाही. आपला विभाग 'सी.पी.-बेरार'. मध्यप्रांत-वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून जाऊन किती वर्षे लोटली! १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. परंतु सिनेमाच्या वहीत जुना प्रांत अजून जिवंत आहे. या व्यवसायाचे एक ठाणे आपल्या शेजारचे भुसावळ. कारण उघड आहे. भुसावळ हे रेल्वेचे जंक्शन. तेथून नागपूरकडे एक फाटा, इटारसीकडे दुसरा. पत्र्याच्या डब्यांतील रिळे गाडीने येत आणि जात. मोठ्या शहरात चित्रपट लागून तेथील गर्दी ओसरली की त्याच प्रती लहान गावांकडे निघत. पडद्यावर पावसासारख्या रेघा दिसत त्या या प्रवासाच्या खुणा.

जेथे पक्के चित्रगृह नव्हते तेथे 'टुरिंग टॉकीज' जाई. ट्रकवर तंबू, यंत्र आणि जनरेटर. जत्रेच्या मैदानावर तंबू ठोकायचा, कर्ण्यावरून पुकारा करायचा, अंधार पडला की खेळ सुरू. खाली माती, पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. माझ्या आजीने आयुष्यात जेवढे सिनेमे पाहिले ते सगळे अशा तंबूतले. तिला चित्रपटांची नावे आठवत नाहीत. पण शेतातून आल्यावर भाकरी बांधून सगळ्या जणी मिळून जात असत, हे ती आजही सांगते. घरच्या पुरुषमाणसाशिवाय रात्री बाहेर पडण्याची मुभा तिला देवळातल्या कीर्तनानंतर या तंबूनेच दिली. सिनेमाच्या इतिहासात या गोष्टीला जागा मिळाली पाहिजे. महाराष्ट्रातील या फिरत्या तंबूंवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट २०१६ मध्ये झाला आणि तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला.

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत, तर नवलच आहे. धानाचे पीक हाती आले की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटके होतात. जमीन खणून रंगमंच आणि बैठक तयार करतात. शंकरपटाच्या दिवशी पाहुणेमंडळी गावात येतात आणि रात्रभर नाटक चालते. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. तेथे जाऊन गावकरी नाटक ठरवतात. मोठ्या शहरांतील थिएटरांना कुलपे लागत असताना हा मुलूख पक्क्या इमारतीवाचून रंगभूमी चालवतो. का? कारण तेथे नाटक पिकाच्या वेळेला, लोकांच्या बोलीत आणि लोकांच्या ऐपतीत बसते.

चार आण्यांची जागा कोठे गेली?

चित्रगृहे बंद पडली ती दूरदर्शनमुळे, व्हिडिओमुळे, मोबाइलमुळे, असे आपण सरसकट म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. १९८२ नंतर रंगीत दूरदर्शन आले, व्हिडिओ आला, मग केबल आली, आणि प्रत्येकाने प्रेक्षक तोडला हे खरे. पण त्याबरोबर आणखीही कारणे होती. १९२३ च्या मुंबई करमणूक कर कायद्यापासून तिकिटावर कर होता, आणि तो वाढत वाढत जबर झाला. २००१ नंतर महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षे या करातून सवलत मिळाली. एकपडदा चित्रगृहे मात्र भरतच राहिली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर येऊन जुना कर संपला, तोवर अनेक पडदे उतरले होते. रिळे जाऊन डिजिटल यंत्रे आली, त्यांचा खर्च आला. मार्च २०२० च्या साथीत थिएटरे बंद झाली. मध्ये थोडी उघडून पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ लाच महाराष्ट्रात पुन्हा सुरू झाली. सर्वांवर कडी म्हणजे जमिनीचा भाव. मॅजेस्टिक, जेथे पडदा पहिल्यांदा बोलला, ते १९७२ मध्येच पाडले गेले. दादरचे 'चित्रा' २०१९ मध्ये बंद झाले.

काही थिएटरे वाचली, हेही सांगितले पाहिजे. ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले आणि दुरुस्त होऊन २०१६ मध्ये उघडले. मेट्रो २००६ मध्ये मल्टिप्लेक्स झाले. इरॉस २०२४ मध्ये नव्या रूपात सुरू झाले. या वाचलेल्या इमारतींत खुर्ची अधिक मऊ झाली, आवाज अधिक स्वच्छ झाला. पण पडद्यापुढच्या पहिल्या रांगांतले स्वस्त तिकीट, जेथे हमाल, विद्यार्थी आणि फेरीवाला बसे, ते बहुतेक ठिकाणी नाहीसे झाले. मल्टिप्लेक्समध्ये वर्ग आहेत, परंतु सगळ्यांत खालचा वर्ग दरवाजाच्या बाहेरच आहे. १८९६ च्या नॉव्हेल्टीने जे चार आण्यांत दिले ते आपल्या काळाने काढून घेतले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात सिनेमा आहे, मग खंत कशाची? खंत एवढीच की खिशातला सिनेमा एकट्याने पाहावा लागतो. अंधारात शेजारी बसलेला अनोळखी माणूस आपण हसतो त्याच जागी हसला, आपल्याला गहिवरून आले तेव्हा त्यानेही डोळे पुसले, हा अनुभव मोबाइल देत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. १९१५ साली राजर्षी शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेली ती वास्तू. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक तेथे जमून रडले. नुसत्या विटा-लाकडासाठी कोणी रडत नाही.

मला वाटते, आपल्यासारख्या तालुक्याच्या गावाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की, सांस्कृतिक भवनाची मागणी करताना गारवा आणि खुर्च्यांची संख्या यांबरोबरच भाड्याचा आणि सर्वांत स्वस्त तिकिटाचा दरही मागावा. नाहीतर इमारत उभी राहते आणि कुलूप लागून राहते. दुसरी गोष्ट, इमारतीची वाट पाहत बसू नये. छबिलदासने वाट पाहिली नाही, झाडीपट्टी आजही पाहत नाही.

आणि शेवटी विद्यार्थीमित्रांना एक विनंती. मुंबईच्या थिएटरांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. आपल्या तालुक्यातील तंबूंचा, टॉकीजचा आणि गावोगावच्या उत्सवी नाटकांचा कोणी लिहिलेला नाही. तो आपल्या आजी-आजोबांच्या आठवणीत आहे, आणि आठवणींना मुदत असते. सुटीत घरी गेलात की त्यांच्याजवळ बसा. तंबू कोठे लागे, तिकीट किती होते, बायका कोठे बसत, कोणाला आत येऊ देत नसत, दिवे गेले तर काय करीत, हे विचारा आणि तारीख घालून वहीत उतरवा. पुढील वर्षीच्या अंकात या लेखाचा दुसरा भाग आपण सर्वांनी मिळून लिहू. त्याचे पहिले पान माझ्या आजीच्या आठवणींचे असेल.